धूर कुणाच्या खात्यावर? वाढ, वीज आणि कार्बन: गोव्यातून पाहताना

मे महिन्यातल्या रात्री डिचोलीतल्या घरात आम्ही एसी लावतो, तेव्हा डिचोलीत कुठेच धूर निघत नाही. तो निघतो शेकडो किलोमीटर दूर, छत्तीसगडमधल्या कोरबाला किंवा मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात. राज्याला वीज पुरवणारे कोळशाचे केंद्र गोव्यात एकही नाही. मुक्तीनंतर शेजारच्या राज्यांतून तारा ओढून आणल्या, पुढे केंद्राच्या प्रकल्पांतला वाटा मिळू लागला. आजही आपली बहुतेक वीज बाहेरूनच येते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला ३०० युनिटे जाळणाऱ्या घराचा हिशेब वर्षाला अडीच टनांवर जातो. मात्र तो मांडला जातो कोरबाच्या चिमणीवर.

विकसनशील देशांची आर्थिक वाढ आणि कार्बन उत्सर्जन यांचे नाते काय, हा वाद जुना आहे. धूर कुठे निघतो आणि सुख कुठे मिळते, हे एकत्र पाहिल्याशिवाय तो मला कधी नीट समजला नाही.

अभ्यासाची सुरुवात ऊर्जेपासून झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७८ साली, जॉन क्राफ्ट आणि आर्थर क्राफ्ट यांनी अमेरिकेची १९४७ ते १९७४ ची आकडेवारी घेऊन विचारले: ऊर्जा वापरली म्हणून उत्पन्न वाढते, की उत्पन्न वाढले म्हणून ऊर्जा जास्त लागते? त्यांना दुसरी दिशा दिसली. नंतर देशोदेशीच्या अभ्यासकांनी तोच प्रश्न लावून पाहिला आणि उत्तरे चारही प्रकारची आली: एक दिशा, दुसरी दिशा, दोन्ही, किंवा कुठलीच नाही. प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर धोरण अवलंबून असते. वाढीसाठी ऊर्जा अटळ असेल, तर तिच्यावर बंधन घालणे म्हणजे गरिबाच्या ताटातला घास काढणे.

दुसरा धागा १९९१ चा. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये मांडले होते की वाढ सुरू झाली की विषमता आधी वाढते आणि मग उतरते. जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांना शहरांच्या हवेतल्या काही प्रदूषकांत तसाच उलट्या कढईसारखा आकार दिसला. गरीब देश श्रीमंत होताना आधी घाण करतो, मग स्वच्छ होतो, ही कल्पना पुढे चांगलीच लोकप्रिय झाली. पण त्यांनी मोजले होते गंधकाचे वायू आणि धूळ. ही घाण डोळ्यांत जाते, छातीत बसते, म्हणून लोक उठतात आणि सरकारला हलावे लागते. मुरगाव बंदराला लागून असलेल्या वास्कोत कोळशाची भुकटी खिडकीच्या गजांवर बसते, म्हणूनच २०१७ च्या बंदर विस्ताराच्या जनसुनावण्यांत लोक पोटतिडकीने बोलले. कार्बन डायऑक्साइडला ना रंग, ना वास. त्याविरुद्ध सुनावणीत कोण उभे राहणार? त्या वायूच्या बाबतीत चढ संपून उतार आपोआप लागेल असे मानायला मला आधार दिसत नाही.

आणि उतार दिसला, तरी तो खरा आहे की धूर दुसरीकडे गेला, हे तपासावे लागते. इथे गोव्याचा खाणींचा इतिहास डोळे उघडतो. लोहखनिजाची निर्यात पोर्तुगीज काळातच सुरू झाली होती, आणि युद्धानंतरच्या जपानच्या भट्ट्यांनी ती वाढवली. चीन २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, त्याच्या पोलाद कारखान्यांना आपले कमी प्रतीचे खनिजही चालू लागले. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेले. मांडवीतून बार्जेसची रांग, उसगाव-तिस्कच्या रस्त्यावर ट्रकांची रांग, घरासमोरच्या तुळशीवर लाल थर: त्या वर्षांत शाळेत जाणाऱ्या पोरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. आपल्या खात्यावर पडले ते बार्जेस आणि ट्रकांचे डिझेल. पण भट्टीत एक टन पोलाद तयार होताना ढोबळ दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो चीनच्या नावावर लिहिला गेला. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि राज्याच्या उत्पन्नाला जबर फटका बसला. वाढ आणि ऊर्जा किती घट्ट बांधलेली असतात, ते ट्रक मालकांच्या थकलेल्या कर्जाच्या हप्त्यांवरून डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्याला कळले.

उलट्या बाजूने मुरगाव बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि दूधसागरचा घाट चढून बल्लारीकडच्या पोलाद कारखान्यांत जातो. त्याची राख आणि धूर कर्नाटकाच्या हिशेबात. २०२० मध्ये मोलेच्या जंगलातून रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग चौपदरीकरण आणि तमनार वीजवाहिनी हे तीन प्रकल्प आले, तेव्हा दक्षिण गोव्यातल्या चांदर गावात लोक रात्रभर रुळांवर बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोले अभयारण्यातून जाणाऱ्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. वीजवाहिनीचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा आहे. तमनार छत्तीसगडच्या कोळसापट्ट्यात आहे. पण तार एकदा टाकली की तिच्यातून सौरवीजही येऊ शकते.

देशाच्या पातळीवर चित्र दुहेरी आहे. २००५ ते २०२० या काळात भारताच्या उत्पन्नातल्या प्रत्येक रुपयामागचे उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले. एकूण उत्सर्जन मात्र वाढले, कारण उत्पन्न त्याहून वेगाने वाढले. १९९२ च्या रिओ परिषदेत मान्य झालेले ‘जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे’ हे तत्त्व मला आजही न्याय्य वाटते: अमेरिकेतला माणूस वर्षाला चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला सुमारे दोन. पण भारताच्या आतही हा न्याय लावायला हवा. दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या रांगेत आहे. २०११ च्या जनगणनेत आपण १४.५८ लाख होतो आणि आज रस्त्यावर जवळपास माणशी एक वाहन आहे. दोन टनांची सरासरी पुढे करायचा हक्क ओडिशातल्या शेतमजुराला आहे, तेवढा आपल्याला नाही.

जुलै २०२३ मध्ये जी-२० चे ऊर्जामंत्री गोव्यातच जमले होते. जीवाश्म इंधनांचा वापर कमी करण्याच्या भाषेवर त्यांचे एकमत झाले नाही. गोव्याने मात्र २०५० पर्यंत शंभर टक्के अक्षय ऊर्जेचे उद्दिष्ट ठेवले आहे. जून ते सप्टेंबर आपल्या छपरांवर फारसे ऊन नसते आणि एसी चालतात रात्री. त्यामुळे हे उद्दिष्ट साठवणुकीच्या बॅटऱ्यांवर आणि राजस्थान-गुजरातच्या उन्हावर उभे राहील, आणि ती वीजही घाट ओलांडूनच येईल.