स्वारीचे चालते रोबोट

स्वारीचे चालते रोबोट : माणूस आत किंवा पाठीवर बसतो आणि खालचं यंत्र पायांनी पुढे सरकतं, अशी मोठी यंत्रं. जपानी कॉमिक्स आणि ॲनिमेमुळे यांना सरसकट ‘मेका’ म्हणायची सवय लागलीय, पण मेका ही मुळात कल्पनेतली जात. इथे फक्त प्रत्यक्षात बनलेल्या यंत्रांबद्दल लिहिलंय, ती बघून लोक काय म्हणाले आणि पुढे ती कुठे कामाला आली का, एवढंच.

आधी ‘चालणं’ कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं, कारण निम्मी भांडणं तिथेच आहेत. २०१२ मध्ये जपानमध्ये दाखवलेला कुरातास सुमारे ४ मीटर उंच आणि ४ टनांच्या वर, त्याला चार पाय आहेत पण पायांच्या टोकाला चाकं, म्हणजे तो पाय पसरून गाडीसारखा फिरतो. साकाकिबारा किकाई या कंपनीचा लँडवॉकर (२००५) पावलं उचलल्यासारखी करतो पण खरं तर घसटत जातो. फ्रान्समधल्या नाँत शहरातला १२ मीटर उंचीचा मोठा हत्ती २००७ पासून लोकांना पाठीवर घेऊन फिरतो, पाय सुंदर हलतात, वजन मात्र चाकांवर असतं. योकोहामाचा १८ मीटरचा गंडम (ॲनिमेतल्या रोबोटची हलणारी प्रतिकृती, डिसेंबर २०२० ते मार्च २०२४) तर मागच्या आधाराला धरलेला होता आणि हालचाल चालू असताना आत कोणी बसायचंच नव्हतं. पाय जमिनीवरून पूर्ण सुटला पाहिजे आणि तेवढा वेळ सगळं वजन उरलेल्या पायांनी पेललं पाहिजे, अशी कडक अट घातली तर यादी एकदम आखडते. प्रस्तुत नोंदीत ही अट मानलीय, पण लोकांच्या प्रतिक्रियांच्या भागात ती सैल सोडलीय, कारण बघणारा माणूस खाली वाकून चाकं आहेत का ते तपासत नाही (निदान पहिल्या दिवशी तरी).

पहिला मान कोणाचा यावर एकमत नाही. काही जण थेट तिसऱ्या शतकातल्या चीनपर्यंत मागे जातात, तिथे जुगे लियांग या सेनापतीने धान्य वाहायला ‘लाकडी बैल’ केला अशी नोंद आहे. पण चिनी विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडहॅम यांनी तो बैल म्हणजे एकचाकी हातगाडी असावी असं मत मांडलंय आणि तेच जास्त पटतं, शिवाय तो ओझ्याचा बैल होता, स्वारीचा नाही. चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाचं चार पायांचं दांड्यांचं यंत्र १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात होतं, पण ते गणित दाखवायचं मॉडेल. अमेरिकेत न्यूअर्कच्या डेडरिक आणि ग्रास यांनी १८६८ मध्ये वाफेवरच्या माणसाचं पेटंट घेतलं, त्याने गाडी ओढायची आणि माणसांनी मागे गाडीत बसायचं. लुईस रिग यांचा यांत्रिक घोडा १८९३ च्या पेटंटात आहे, स्वाराने पायडल मारायचे आणि घोड्याने चालायचं, मात्र पेटंट मिळालं म्हणजे घोडा चालला असं होत नाही. इंग्लंडमध्ये थॅक्स्टेड गावी १९५० च्या आसपास फ्रँक स्टुअर्ट यांनी पेट्रोलवर चालणारे हत्ती बनवले, त्यावर मुलं बसायची, पण पुन्हा तेच, पावलांत चाकं.

खरा वाद राहतो तो दोघांत. जनरल इलेक्ट्रिकचे राल्फ मोशर यांनी १९६० च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी ‘वॉकिंग ट्रक’ बनवला, साधारण १९६८ च्या सुमारास तो चालू लागला. उंची ३ मीटरच्या वर, वजन सुमारे १,३०० किलो, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर हलणारे) पाय चार. चालकाने स्वतःचे हात हलवले की पुढचे पाय हलायचे आणि स्वतःचे पाय हलवले की मागचे, आणि यंत्राच्या पायाला अडथळा लागला तर त्याचा थोडा जोर उलट चालकाच्या हातापायाला जाणवायचा. त्यामुळे तो जीप ढकलायचा, लाकडांच्या ढिगावर चढायचा, सगळं नाजूकपणे. पण चारही पायांचा हिशोब एका माणसाच्या डोक्यात, त्यामुळे पंधराएक मिनिटांत चालक थकून जायचा. दुसरे अमेरिकी कॉम्प्युटरतज्ज्ञ आयव्हन सदरलँड. त्यांचं सहा पायांचं यंत्र १९८३ चं, त्यात पायांचा ताळमेळ कॉम्प्युटर ठेवायचा, म्हणून माणसाला घेऊन चाललेला पहिला कॉम्प्युटरवाला तोच असं चालत्या यंत्रांवर काम करणारे मार्क रायबर्ट वगैरे मंडळी मानतात. ज्यांच्या मते कॉम्प्युटर नसेल तर रोबोट नाही, त्यांच्यासाठी वाद मिटतो. इथे झुकतं माप मोशरकडे दिलंय, कारण ‘रोबोट’ शब्दाची व्याख्या बदलत राहते आणि माणूस बसला व चाललं ही गोष्ट बदलत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यात ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत मॅगी आणि वॉल्ड्रन यांनी डार्पाच्या (अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था) पैशातून सहा पायांची मोठी गाडी केली, अडीच टनांच्या वर, पुढे केबिन, समोरची जमीन बघायला लेझर, चालकाने फक्त दिशा सांगायची आणि कुठला पाय कुठे ठेवायचा ते कॉम्प्युटरने बघायचं. मोशरच्या चालकाला जे थकवत होतं ते इथे यंत्राकडे गेलं.

मोठं करताना अडचण कुठे येते ते थोडं सविस्तर. उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं आणि पायाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र चौपटच भरतं, म्हणजे प्रत्येक सांध्यावर दुप्पट ताण. उभं राहायलासुद्धा बऱ्याचदा हायड्रॉलिक पंप चालू ठेवावा लागतो, चाकांच्या गाडीला उभं राहायला काही खर्च नाही. चालताना तोल जाऊ नये म्हणून वजनाचा मध्य टेकलेल्या पावलांच्या मधल्या जागेत ठेवावा लागतो. सहा पाय असतील तर तीन टेकवून तीन उचलता येतात, चार असतील तर एकेक उचलत सावकाश जावं लागतं, आणि दोनच असतील तर एका पावलावर सगळा डोलारा किंवा मग सतत पडता पडता सावरत राहायचं. मॅट डेंटन यांच्या मँटिसला (ब्रिटन, सुमारे १.९ टन) सहा पाय का आहेत ते यावरून कळतं. पडण्याचं तर बोलायलाच नको, ४ मीटरवरून नुसतं खाली आलं तरी टेकताना वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास असतो आणि आत माणूस असतो. जमीन मऊ असेल तर आणखी वेगळंच, एक पाय उचलला की त्याचं वजन बाकीच्यांवर जातं आणि पाऊल रुततं, आणि गंमत म्हणजे खडबडीत, चिखलाची जमीन हेच पायांच्या बाजूने दिलं जाणारं मुख्य कारण.

लोकांच्या प्रतिक्रिया बघितल्या तर एक ठराविक क्रम दिसतो, आधी डोळे विस्फारतात, मग ‘हे खरं आहे का’, आणि शेवटी ‘पण याचं करायचं काय’. दक्षिण कोरियाच्या हानकूक मिराय टेक्नॉलॉजीचा मेथड-२ (४ मीटर, दीड टन) डिसेंबर २०१६ मध्ये व्हिडिओत दिसला तेव्हा बऱ्याच जणांनी तो कॉम्प्युटरवर रंगवलेला आहे असंच म्हटलं, त्याचा डिझायनर सिनेमांसाठी काम केलेला असल्याने संशयाला बळच मिळालं. २०१७ च्या मार्चमध्ये जेफ बेझोस त्यात बसून हात हलवताना दिसले, तेव्हा खरेपणाचा प्रश्न मागे पडला आणि उपयोगाचा वर आला. कुरातासच्या बाबतीत हसू आणि धास्ती एकत्र होती, कारण चालक हसला की छर्ऱ्यांची बंदूक सुटायची अशी सोय त्यात दाखवली होती.

अपेक्षाभंगाचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे २०१७ ची लढत. अमेरिकेच्या मेगाबॉट्स कंपनीने २०१५ मध्ये कुरातास बनवणाऱ्या सुइदोबाशी या जपानी कंपनीला आव्हान दिलं, लोकांनी किकस्टार्टर या वर्गणीच्या संकेतस्थळावर पाच लाख डॉलरच्या वर पैसे दिले, दोन वर्षं वाट बघितली. ऑक्टोबरमध्ये जे दिसलं ते आधीच शूट करून एडिट केलेलं होतं, पहिल्या फेरीत कुरातासने मेगाबॉट्सच्या आयर्न ग्लोरीला एका ठोशात आडवं केलं आणि दुसरीत त्यांच्याच ईगल प्राइमने करवत काढली. संथ आहे, ठरवून केलंय, अशी ओरड झाली. खरं तर एवढं जड यंत्र जोरात हलवलं तर आतल्या माणसाचं काय होईल हे लक्षात घेतलं की संथपणात आश्चर्य नाही, पण पडद्यावर चपळ मेका बघून बसलेल्या डोळ्यांना ते कोण सांगणार. कंपनी २०१९ मध्ये बंद पडली आणि ईगल प्राइम ईबेवर लिलावाला निघाला.

उपयोगाचे दावे साधारण ठरलेले असतात : आपत्ती, लष्कर, जंगल, अवकाश. त्सुबामे इंडस्ट्रीजचा आर्कॅक्स (२०२३, साडेचार मीटर, साडेतीन टन) यासाठीही आपत्तीची आणि अवकाशाची नावं घेतली गेली, किंमत मात्र ४० कोटी येन, म्हणजे गिऱ्हाईक हौशी श्रीमंतच. लष्कराच्या बाजूने बोलायचं तर अमेरिकी मरीन कोरने ओझं वाहणारा चार पायांचा एलएस३ (यावर स्वार नसतो) २०१५ च्या अखेरीस बाजूला ठेवला, इंजिनाचा आवाज एवढा की शत्रूला पत्ता कळेल. जंगलासाठी फिनलंडच्या प्लस्टेकने १९९० च्या दशकात सहा पायांचं झाडं तोडायचं यंत्र केलं, केबिनमध्ये माणूस, पाय जमिनीला कमी ओरबाडायचे. यंत्र चालत होतं, पण नेहमीच्या विक्रीला आलं नाही.

ज्यांचा उपयोग खरोखर झाला त्यांना कोणी रोबोट म्हटलंच नाही. १९१३ पासून खाणींत पावलांनी चालणारे ड्रॅगलाइन (दोरांनी बादली ओढून माती काढणारी अजस्र यंत्रं) आहेत, मोनिगन कंपनीच्या ऑस्कर मार्टिन्सन यांची ही युक्ती. गोल बैठकीवर बसलेलं यंत्र दोन बाजूंच्या मोठ्या पावलांनी स्वतःला उचलून मागे सरकतं, कारण एवढं वजन रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर ठेवलं तर जमीन खचेल. ओहायोतला बिग मस्की (१९६९) १२,००० टनांच्या आसपास होता आणि १९९१ पर्यंत कोळशाच्या खाणीवरची माती काढत होता, नंतर १९९९ मध्ये मोडीत निघाला. स्वित्झर्लंडचं मेंझी मुक हे १९६६ पासूनचं चालतं पोकलेन, पाय हवे तसे पसरून, बादलीने रेटा देत ते उभ्या चढावर जातं जिथे साध्या पोकलेनला उभंही राहता येत नाही. यांचे व्हिडिओ बघायला गर्दी नसते.

अलीकडे पश्चिम जपान रेल्वेने २०२४ मध्ये ओव्हरहेड वायरच्या देखभालीसाठी मोठा माणसासारखा रोबोट कामाला लावला, १२ मीटर उंचीपर्यंत पोचतो, ४० किलोपर्यंत उचलतो, चालक गॉगल लावून खाली केबिनमध्ये. हात आणि डोकं आहे, पाय नाहीत, रुळांवर जाणाऱ्या ट्रकवर तो बसवलाय. कावासाकीने २०२५ च्या ओसाका एक्स्पोत कोर्लिओ हा चार पायांचा, हायड्रोजनवरचा स्वारीचा प्राणी दाखवला. व्हिडिओत तो डोंगर उड्या मारत चढतो, मंचावरच्या प्रत्यक्ष यंत्राची हालचाल फार मर्यादित होती.