राजगिऱ्याएवढ्या प्राण्याने मोजलेला महासागर

म्यानमारच्या अंबरात सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीचे शुक्राणू सापडल्याची बातमी 2020 च्या सप्टेंबरमध्ये चवीचवीने छापली गेली. शुक्राणू ज्याचे, त्या बिचाऱ्या ऑस्ट्रॅकोडची ओळख मात्र एका ओळीत उरकली. त्याची खरी करामत माझ्या मते निराळीच आहे: नाहीशा झालेल्या महासागरांचा माग त्याच्याकडून लागतो.

हा खेकडा-कोळंबीच्या गोतातला. आकार राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, अंग दोन झडपांच्या चुनामय कवचात मिटलेलं. भिंगाखाली चिमुकला शिंपलाच वाटतो. पुष्कळ जाती वाढताना आठ वेळा कात टाकतात, म्हणजे एकेक प्राणी झडपांच्या नऊ जोड्या चिखलात सोडून जातो. जीवाश्म मुबलक मिळतात ते त्यामुळेच.

आता माझा आवडता भाग. खेकड्याची पिल्लं अंड्यातून निघाली की कित्येक दिवस पाण्यात तरंगतात, प्रवाह नेईल तिकडे जातात. समुद्रतळावर राहणाऱ्या ऑस्ट्रॅकोडच्या पिल्लांना ही चैन नाही. ती जन्मतात तीच दोन झडपा पांघरून, आणि मोठ्यांसारखीच तळाशी राहतात. काही जातींत मादी अंडी कवचाच्या आतच सांभाळते. न्यूयॉर्क राज्यातल्या खडकात अशी अंड्यांसकटची मादी मिळाली, 45 कोटी वर्षांपूर्वीची. असल्या घरकोंबड्या प्राण्याला उथळ किनारा सोडून खोल महासागर ओलांडणं जवळपास अशक्य. त्यामुळे समोरासमोरच्या दोन किनाऱ्यांवर निरनिराळ्या जाती घडत जातात. मधलं पाणी अरुंद झालं की मगच सरमिसळ.

ऑर्डोव्हिशियन काळात (साधारण 48.5 ते 44.5 कोटी वर्षांपूर्वी) आयापेटस या आता नाहीशा झालेल्या महासागराच्या एका काठावर उत्तर अमेरिका आणि स्कॉटलंड होतं, पलीकडे इंग्लंड-वेल्स, तिसरीकडे स्कँडिनेव्हिया. अटलांटिकच्या आधी इथे दुसरा महासागर मिटून गेला असावा, असं कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी 1966 मध्ये मांडलं, तेही दोन्हीकडच्या जीवाश्मांतला फरक पाहून. ऑस्ट्रॅकोडही तेच सांगतात. सुरुवातीच्या थरांत दोन्ही काठांवरचे गट बरेचसे वेगळे. ऑर्डोव्हिशियनच्या उत्तरार्धात समान प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट) वाढत जातात, काही जातीही जुळतात. याच काळातले ग्रॅप्टोलाइट, म्हणजे वसाहत करून राहणारे, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी, इथे फारसे कामाचे नाहीत: ते तरंगत दूरवर जायचे, म्हणून थराचं वय सांगतात, काठ सांगत नाहीत.

एक मेख आहे. इंग्लंड-वेल्सचा तुकडा त्याच काळात थंड दक्षिणेकडून उबदार पाण्याकडे सरकत होता. तेव्हा जाती जुळल्या त्या अंतर घटल्याने की पाणी सारखंच कोमट झाल्याने? केवळ साम्याची टक्केवारी काढून हे सुटत नाही. खडक घडताना त्यांत गोठलेल्या चुंबकत्वावरून तेव्हाचा अक्षांश काढून ताळा घ्यावा लागतो.

(व्हॉट्सॲपवर फिरणारा 'बुडालेला लेमुरिया', म्हणजे हिंदी महासागरात बुडाला असं मानलेला खंड, हीसुद्धा 1864 मध्ये प्राण्यांच्या वाटणीचंच कोडं सोडवायला सुचलेली कल्पना. तेव्हा ती वेडगळ नव्हती. खंडच सरकतात हे कळल्यावर तिची गरज संपली, फॉरवर्ड संपले नाहीत.)

ऑस्ट्रॅकोड आपल्याकडेही आहेत. नागपूरजवळ टाकळीला, लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या तळ्यांच्या गाळात. पण ते गोड्या पाण्यातले. त्यांच्यातल्या कित्येकांची अंडी वाळली तरी मरत नाहीत, वाऱ्याने उडतात, पक्ष्यांच्या पायांना चिकटून दुसऱ्या तळ्यात पोचतात. त्यांच्यावरून टाकळीला तळं होतं हे कळतं. महासागर मोजायला ते उपयोगी नाहीत.