हळदीने स्तनातली गाठ विरघळत नाही

सांगलीची हळद पेठ देशभर प्रसिद्ध आहे, जवळच्या हरिपूरची पेवे (हळद साठवण्याची जमिनीखालची कोठारे) अनेकांनी पाहिली आहेत आणि २०१८ मध्ये येथील हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यामुळे ‘स्तनातली गाठ हळदीच्या लेपाने विरघळते, सुई लावली तर मात्र पसरते’ हा समज याच भागात घट्ट रुजावा, यात नवल नाही. तो खरा मात्र नाही.

प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत हळदीतील कर्क्युमिन हा घटक कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते. परंतु हळदीत ते जेमतेम काही टक्के असते आणि पोटात गेल्यावर रक्तात फारच थोडे उतरते. लेपाने गाठ बसल्याचे अनुभव खोटेच असतात असे नाही. काही साध्या, पाण्याच्या गाठी पाळीनंतर आपोआप लहान होतात आणि श्रेय लेपाला मिळते. कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून घरातले निश्चिंत राहतात, आणि हेच अधिक घातक. सुईने गाठीतील नमुना काढून केलेल्या तपासणीमुळे रोग बळावतो, यालाही आधार नाही. तिच्याशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत.

येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, केवळ पर्यायी उपचार निवडलेल्या स्तनकर्करुग्णांमध्ये मृत्यूचा धोका नेहमीचे वैद्यकीय उपचार घेणाऱ्यांच्या पाचपटीहून अधिक आढळला.

आमटीतली हळद बंद करण्याचे कारण नाही. कर्क्युमिनच्या गोळ्या मात्र टॅमॉक्सिफेन या स्तनकर्करोगावरील औषधाचा रक्तातील सक्रिय अंश घटवू शकतात, असे नेदरलँड्समधील २०१९ च्या एका लहान अभ्यासात दिसले. म्हणून त्या घेत असल्यास डॉक्टरांना सांगावे.