थ्री-बॉडी बघितली म्हणजे नक्की कुठली, चिनी का नेटफ्लिक्सवाली?

कोणी म्हणालं 'थ्री-बॉडी बघ, खतरनाक आहे' तर आधी विचारा कुठली, कारण चिनी लेखक ल्यू त्सशिनच्या 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या एकाच सायन्स फिक्शन कादंबरीवरून (तीन पुस्तकांच्या मालिकेतलं हे पहिलं) दोन सिरीज निघाल्यात, नावं जवळपास सारखी, आणि लोक एकीचं कौतुक ऐकून दुसरी लावून बसतात, मग दोन भागांत 'किती स्लो आहे यार' नाहीतर 'पुस्तकात असं कुठे होतं' सुरू होतं. टेन्सेंट या चिनी कंपनीची सिरीज जानेवारी 2023 ची, 30 भाग. नेटफ्लिक्सची मार्च 2024 ची, 8 भाग. पुढे स्पॉयलर भरपूर आहेत, बघायची असेल तर आत्ताच कटा.

मूळ भानगड दोन्हीकडे तीच. जगभरातले शास्त्रज्ञ जीव द्यायला लागतात, पार्टिकल ॲक्सिलरेटरमधून (अणूतले बारीक कण एकमेकांवर आपटून बघायचं यंत्र) येणारे आकडे काहीच्या काही असतात, कोणाच्या तरी डोळ्यांसमोर उलटी मोजणी सुरू होते. मागे जाऊन कळतं की माओच्या काळात ये वेनजिए नावाच्या बाईने एका गुप्त रडार तळावरून, सूर्याचा ॲम्प्लिफायर म्हणून वापर करून, अंतराळात मेसेज सोडला होता. आठेक वर्षांनी तिकडून कोणीतरी सांगतं, उत्तर देऊ नकोस, दिलंस तर तुमच्यावर चाल करून येतील, आणि ही बाई तरीही उत्तर देते. एलियन यायला चारशे वर्षं लागणार, तोपर्यंत आपण पुढे जाऊ नये म्हणून त्यांनी प्रोटॉनएवढे कॉम्प्युटर पाठवून आपलं विज्ञान आधीच जाम करून टाकलंय.

आता फरक. लोक म्हणतात एक स्लो, एक फास्ट. ते आहेच, पण माझ्या मते खरा फरक हा की संकट कोणावर कोसळतं. चिनीमधे ते वांग मियाओ नावाच्या एकट्या माणसावर कोसळतं, नॅनोमटेरियलवाला, फोटोग्राफीची आवड, आणि उलटी मोजणी त्याला पहिल्यांदा दिसते ती त्याने काढलेल्या फोटोंवर. फिल्म बदलतो, कॅमेरा बदलतो, बायकोला फोटो काढायला सांगतो, तिच्या फोटोंवर काही नाही, याच्याच फोटोंवर आकडे. मग बिलियर्ड्सचा सीन येतो, दुसरा एक फिजिसिस्ट त्याला बॉल मारायला लावतो, टेबल खोलीत इकडून तिकडे सरकवून पुन्हा मारायला लावतो, दर वेळी बॉल बरोब्बर पॉकेटमधे जातो. आणि मग विचारतो की समज एकदा बॉल पॉकेटमधे गेला, दुसऱ्यांदा बाजूला गेला आणि तिसऱ्यांदा छताला जाऊन धडकला तर? नियम जागेप्रमाणे बदलायला लागले तर फिजिक्स उरतंच काय? हे शास्त्रज्ञ का मरतायत ते या एका सीनमधे कोणालाही कळतं, सायन्स सोडून वीस वर्षं झालेल्यालासुद्धा. नेटफ्लिक्सने हा भाग 'रिझल्ट चुकीचे येतायत' म्हणून दोन वाक्यांत उरकलाय आणि तिथे माझं डोकंच फिरलं.

नेटफ्लिक्सने काय केलं, वांग मियाओचे तुकडे करून ते ऑक्सफर्डच्या पाच मित्रमैत्रिणींत वाटले. फायदा असा की माणसं जिवंत वाटतात, कोणाला कॅन्सर, कोणाचं न बोललेलं प्रेम, आणि त्या पाचांतल्या जॅकचे जोक तर मस्तच. चिनी सिरीजमधे वांग मियाओला बायको-मुलगी आहे हे मधेमधे आठवण करून द्यावं लागतं. तोटा असा की भीतीही पाच जणांत विभागली गेली. कादंबरीत विश्व 'लुकलुकतं' ते फक्त उपकरणांना आणि खास चष्म्यातून दिसतं, बाकी शहर आपलं झोपलेलं, वांग मियाओ एकटाच हादरलेला. चिनीने तेच ठेवलंय. नेटफ्लिक्सवर अख्ख्या जगाला आकाशातले तारे बंद-चालू होताना दिसतात, दिसायला जबरदस्त, पण दुसऱ्या दिवशी लोक निवांत कामावर जातात ते काही पटत नाही.

ये वेनजिएच्या बाबतीत मात्र उलट आहे. नेटफ्लिक्सची सुरुवातच 1966 च्या बीजिंगमधे, भर सभेत तिच्या फिजिक्सच्या प्रोफेसर बापाला रेड गार्ड (माओभक्त विद्यार्थ्यांच्या टोळ्या) पोरी पट्ट्यांनी मारून टाकतात, आई स्टेजवर उभी राहून त्याच्याच विरुद्ध बोलते, आणि ही गर्दीतून बघतेय. चिनीने हा प्रसंग जवळजवळ गाळलाय, का ते सांगायला नको. पण मग तिने एलियनला उत्तर द्यायचं ते बटण का दाबलं याचं मूळच पुसट होतं. गंमत म्हणजे पुढची तिची वर्षं, जंगलतोड, तो तळ, हळूहळू माणसांवरून विश्वास उडत जाणं, हे चिनीने निवांत, फार सुंदर दाखवलंय. नेटफ्लिक्सने त्याऐवजी तिचं एलियनच्या भक्तांचा पैसेवाला पुढारी माइक इव्हान्सशी लफडं जोडून दिलं, ते मला तरी उगाच वाटलं.

पनामा कालवा दोन्हीकडचा हायलाइट. या इव्हान्सच्या जहाजावरचा एलियनचा डेटा नष्ट न होता हातात हवा म्हणून कालव्यात आडव्या नॅनोतारा ताणायच्या आणि जहाज त्यातून कापलं जाऊ द्यायचं. मूळ कादंबरीत हिशोब असा की दोन तारांत अर्धा मीटर अंतर, म्हणून हे दिवसा करायचं, कारण रात्री झोपलेली माणसं दोन तारांच्या मधे सुरक्षित राहतील. ही असली थंड डोक्याची इंजिनिअरिंग हाच चिनी सिरीजचा पिंड. नेटफ्लिक्सने त्याच जहाजावर मुलं ठेवली, आणि तारा बनवणाऱ्या ऑगीला (त्या पाचांतलीच एक) ते कायमचं खातं. हा बदल मला आवडला, अगदी मान्य.

बाकी पटापट. एलियनच्या तीन सूर्यांच्या जगात नेणारा व्हीआर गेम चिनीमधे खरंच जुन्या व्हिडिओ गेमसारखा दिसतो, नेटफ्लिक्सचा देखणा. पण त्या गेममधे झेंडे हलवणाऱ्या सैनिकांचा कॉम्प्युटर कसा चालतो, तीन सैनिकांचं एक लॉजिक गेट (कॉम्प्युटरचा सगळ्यात छोटा भाग) कसं बनतं, हे चिनीमधे नीट समजतं आणि नेटफ्लिक्सवर नुसतं भव्य दिसतं. (एलियनचं घर म्हणून घेतलेल्या खऱ्या अल्फा सेंटॉरी या ताऱ्यांच्या त्रिकुटात असला गोंधळ नाही हां, दोन तारे साधारण 80 वर्षांत एकमेकांभोवती फेरी मारतात, तिसरा लांब कोपऱ्यात.) चिनीमधे इंग्रजी बोलणाऱ्या परदेशी पात्रांचा अभिनय शाळेच्या गॅदरिंगच्या लेव्हलचा आहे, आणि घुसडलेली पत्रकार बाई नसती तरी चाललं असतं. पोलीसवाला दा शी दोघांचाही चांगला, पण यू हवेईचा चिनी दा शी म्हणजे नाद नाही, तोंडात सिगारेट, शास्त्रज्ञांना शष्प किंमत न देणारा, आणि शेवटी त्यांना सावरणारा तोच.

पहिल्यांदाच बघणार असाल आणि 30 भाग जड वाटत असतील तर नेटफ्लिक्सचा पहिला भाग बघा, बापाच्या प्रसंगासाठी, आणि मग चिनीवर उडी मारा. चिनीची 26 भागांची कापलेली आवृत्ती पण निघालीय, घाई असेल त्यांना ती बरी. एक लक्षात ठेवा, चिनी पहिल्या पुस्तकापाशी थांबते, नेटफ्लिक्सने पुढच्या दोन पुस्तकांतली माणसं आणि प्लॅन पहिल्याच सीझनमधे आणलेत, त्यामुळे नेटफ्लिक्स आधी पूर्ण बघितलीत तर पुढची पुस्तकं वाचायची अर्धी मजा गेली समजा.