थीम पार्कवर लोक एवढे का वैतागलेत: थोडी पार्श्वभूमी

मे महिना आला की सोसायटीच्या ग्रुपवर हिशोब फिरायला लागतात. चौघांना खोपोलीच्या इमॅजिकाला न्यायचं तर तिकीट किती, आतलं जेवण किती, लॉकर, टोल, पेट्रोल. मग कुणाचातरी न्यू जर्सीतला भाऊ मध्येच टाकतो की तुमचं काहीच नाही, ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्डला येऊन बघा. खरंतर दोघांचं दुखणं एकच आहे. नुसतं महाग झालं म्हणून लोक एवढे चिडत नाहीत, महाग तर सगळंच झालंय. चीड आहे ती तिकिटात आधी जे धरलेलं होतं ते एकेक करून बाहेर काढून परत विकलं जातंय याची. हे एका रात्रीत झालेलं नाही.

जुन्या काळाचं थोडक्यात सांगतो. पार्क यायच्या आधी आपल्याकडे माउंट मेरीची जत्रा, माहीमचा उरूस, तिथे आकाशपाळण्याचे पैसे वेगळे, मौत का कुआंचे वेगळे, ज्यात बसाल त्याचे द्या. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियातलं पहिलं डिस्नीलँड १९५५ साली उघडलं तेही असंच होतं. गेटवर एक डॉलर आणि आत प्रत्येक राइडचे दहा ते पस्तीस सेंट. मग कूपनची पुस्तकं आली, ए, बी, सी अशी, पुढे डी आणि १९५९ ला ई. ई म्हणजे सगळ्यात भारी राइड. ही पुस्तकं १९८२ पर्यंत चालली, मग बंद करून दिवसभराचं एकच तिकीट केलं. एकदा गेटवर पैसे दिले की खिशात हात घालायचा नाही, हवं त्यात हवं तितक्यांदा बसा. आपल्याकडे मोठे पार्क आले ते याच जमान्यात, त्यामुळे जत्रेतलं सुट्ट्या पैशांचं गणित आपण विसरून गेलो आणि पार्क म्हणजे एक तिकीट अशीच सवय लागली.

गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९, बाजूचं वॉटर किंगडम १९९८, हे काय मुंबईकरांना सांगायला नको. मार्वे जेट्टी, बोट, ती टीव्हीवरची जाहिरात, सगळ्यांना पाठ आहे. शाळेची सहल, ऑफिसची पिकनिक, सगळं तिथेच. तेव्हाही बोटीचे पैसे वेगळे लागायचे, वॉटर पार्कमध्ये नायलॉनचाच कॉस्च्युम पाहिजे म्हणून भाड्याने घ्यायला लागायचा, लॉकरचं डिपॉझिट असायचं आणि गेटवर पिशव्या तपासून डबे काढून ठेवायला लावायचे. म्हणजे "पूर्वी सगळं कसं छान होतं" असं जे आता लिहिलं जातं ते पण पूर्ण खरं नाही. पण राइडच्या रांगेत मात्र सगळे सारखे होते, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२०१३ साली खोपोलीला इमॅजिका उघडलं आणि दराची पातळीच बदलली. परदेशी बनावटीचे कोस्टर, अंधारातल्या राइड्स, थीमची सजावट, गोराईपेक्षा हा खर्चच वेगळा होता आणि तो कर्ज काढून केलेला. पुढच्याच वर्षी बाजूला वॉटर पार्क, २०१६ ला स्नो पार्क, मध्ये हॉटेल. वॉटर पार्क आणि स्नो पार्कला तिकीट वेगवेगळं. इथे बऱ्याच लोकांचा पहिल्यांदा गोंधळ उडाला, कारण एकाच पार्किंगमध्ये गाडी लावून एकाच आवारात गेल्यासारखं वाटतं आणि मग कळतं की पाण्यात जायचं असेल तर परत खिडकीवर. त्याच २०१३ मध्ये घाटकोपरच्या मॉलमध्ये मुलांसाठीचं किडझेनिया आलं, तिथे तर खेळणार मुलं पण नुसतं बघत बसणाऱ्या आईबापांचंही तिकीट. शनिवार-रविवारचा दर वेगळा, सुट्टीचा वेगळा, ऑनलाइन आधी काढलं तर वेगळा, हे सगळं तेव्हापासून अंगवळणी पडत गेलं.

आता टॅक्सचं. हा भाग लोक नेहमी विसरतात आणि सगळा राग पार्कवाल्यांवर काढतात. आधी राज्याचा करमणूक कर होता. जून २०१५ पासून केंद्राने पार्कच्या प्रवेशावर सर्व्हिस टॅक्सही लावला, तोपर्यंत तो नव्हता. मग जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि थीम पार्क, वॉटर पार्क सरळ २८ टक्क्यांत गेले, म्हणजे कॅसिनो आणि रेसकोर्सच्या रांगेत. पोरांना घसरगुंडीवर न्यायचं आणि कॅसिनोत जायचं, सरकारच्या लेखी एकच! ओरड झाली, आणि २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के केला. पण १८ म्हणजे काही कमी नाही, चौघांच्या तिकिटावर तो आकडा चांगलाच दिसतो. सरकारी ठिकाणी वेगळं घडलं असंही नाही. राणीबागेत, म्हणजे भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयात, पेंग्विन आल्यावर २०१७ मध्येच मोठ्यांचं तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं. आधी शंभर करायचा प्रस्ताव होता, बोंबाबोंब झाल्यावर पन्नासवर आले आणि आईबाप, दोन मुलं मिळून शंभर असं कुटुंबाचं तिकीट ठेवलं. पाचचे पन्नास म्हणजे दहा पट, पण तिथे रांग अजून सगळ्यांना एकच आहे म्हणून असेल कदाचित, तो राग लवकर निवला.

तर रांग. सगळ्यात मोठं भांडण याच्यावर आहे आणि ते समजून घ्यायला अमेरिकेतच जावं लागतं, कारण आता सिंगापूरपासून आपल्यापर्यंत जी पैसे देऊन रांग टाळायची तिकिटं दिसतात त्यांचं मूळ भांडण तिथे झालंय. डिस्नीच्या पार्कांमध्ये १९९९ ला फास्टपास सुरू झाला, आणि तो फुकट होता. राइडजवळच्या मशीनमध्ये आपलं तिकीट सरकवायचं, एक कागदाची चिठ्ठी यायची, त्यावर एक तासाची वेळ, त्या वेळेत परत या आणि छोट्या रांगेतून आत जा. तोपर्यंत कुठेही फिरा, खा, दुकानात जा (अर्थात त्यांना तेच हवं होतं). सगळ्यांना सारखा हक्क. ज्याला युक्ती कळली तो जास्त राइड्स करायचा, ज्याला नाही तो उभा राहायचा, पण पैशाचा प्रश्न नव्हता.

मग फ्लोरिडात, म्हणजे ऑर्लँडोच्या पार्कांत, २०१४ च्या आसपास याची डिजिटल आवृत्ती आली, हातात मॅजिकबँड नावाचा पट्टा, फोनवर तीन राइड्स आधीच बुक. इथे पहिली फट पडली, कारण त्यांच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना साठ दिवस आधी बुकिंग उघडायचं आणि बाकीच्यांना तीस दिवस. फुकटच, पण काहींना जरा जास्त फुकट. २०१७ ला कॅलिफोर्नियात मॅक्सपास आला, दिवसाला दहा डॉलर द्या आणि चिठ्ठीसाठी पळत जाण्याऐवजी फोनवरूनच घ्या, वर फोटोही मिळतील. त्यावर फार कोणी ओरडलं नाही, कारण कागदाची फुकट चिठ्ठी चालूच होती. २०२० मध्ये कोविडला पार्क बंद झाले तेव्हा फास्टपास थांबला. परत उघडल्यावर तो आलाच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्या जागी जिनी प्लस आलं, फ्लोरिडात माणशी दिवसाला १५ डॉलर, कॅलिफोर्नियात डिसेंबरपासून २०, आणि सगळ्यात गाजलेल्या एकदोन राइड्स त्यातही नाहीत, त्यांचे पैसे आणखी वेगळे. कंपनीने घोषणेचा व्हिडिओ टाकला त्याला लाइकपेक्षा डिसलाइक कितीतरी जास्त पडले. पुढच्या वर्षी त्याचा दरही तारखेप्रमाणे हलायला लागला आणि २०२३ च्या नाताळात एका दिवसाला ३९ डॉलरपर्यंत गेला.

कंपनीची बाजू अशी की फुकट फास्टपास हा तरी कुठे न्याय होता, माहितगार लोक सकाळीच सगळं उचलायचे, पहिल्यांदा येणारा गोंधळलेला राहायचा, आणि फुकट म्हटल्यावर सगळेच घ्यायचे त्यामुळे ती "छोटी" रांगही मोठी व्हायची. हे खोटं नाही. फास्टपासमुळे साधी रांग लांबते हे जुने लोक आधीपासून सांगतच होते. पण इथे एक गोष्ट आहे जी कंपनी बोलत नाही. राइड तासाला ठरावीकच माणसं घेते. बाजूच्या रांगेतून जितके आत सोडाल तितके साध्या रांगेतले मागे राहतात. फुकट होतं तोवर हा निदान आपसातला बदल होता, आज तुम्ही पुढे उद्या मी. विकायला लागल्यावर मात्र साधी रांग लांब असणं हीच त्या मालाची जाहिरात झाली. रांग दहा मिनिटांचीच असेल तर तो पास कोण घेईल? म्हणजे गर्दी कमी करण्यात ज्याचा फायदा असायला हवा त्याचाच फायदा गर्दी असण्यात. आणि बिनपासवाल्याला हे समोर दिसतं. लालबागला तासन्तास उभं राहून पाय मोडलेल्या माणसाच्या बाजूने व्हीआयपी गेटने लोक आत जातात तेव्हा त्याला जे वाटतं तेच, फरक एवढाच की इथे त्यानेही तिकिटाचे पुरते पैसे मोजलेले असतात.

मग नावांचा घोळ. जुलै २०२४ मध्ये जिनी प्लसचं नाव बदलून लाइटनिंग लेन मल्टी पास केलं, एकाच राइडसाठीचा तो सिंगल पास, आणि फ्लोरिडात बुकिंग परत आधीपासून, त्यांच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस, बाकीच्यांना तीन. म्हणजे जे फास्टपासमध्ये होतं तेच जवळपास, फक्त आता पैसे देऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रीमियर पास काढला, वेळ वगैरे काही बुक करायची नाही, कधीही या आणि सरळ घुसा. कॅलिफोर्नियात सुरुवातीला ४०० डॉलर, फ्लोरिडात पार्क आणि तारखेप्रमाणे १२९ ते ४४९. हे प्रवेशाचं तिकीट सोडून, माणशी, एका दिवसाचे. यावर "१९८२ ला बंद झालेलं ई तिकीट परत आलं की" असं जुने लोक म्हणतात, पण ई तिकीट सगळ्यांच्या पुस्तकात एकदोन तरी असायचं.

टोकियोत वेगळं झालं. तिथलं डिस्नीचं पार्क डिस्नी नाही, एक वेगळी जपानी कंपनी चालवते. त्यांनीही मे २०२२ पासून पैशाचा पास आणला, पण जुलै २०२३ मध्ये चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने काही जुन्या राइड्ससाठी फुकटचा पासही परत दिला. त्यामुळे फुकटचा पास परत आणणं शक्यच नव्हतं असं कुणी म्हटलं तर त्यात फार दम उरत नाही.

बाकीच्या सोयी गेल्या त्या अशाच, एकेक करून, की प्रत्येक वेळी वाटावं एवढ्याशासाठी काय भांडायचं. डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ऑर्लँडो विमानतळावरून फुकट बस होती, २००५ पासून, ती २०२१ अखेर बंद. फुकट मिळणारे मॅजिकबँड त्याच वर्षी बंद. हॉटेलचं रात्रीचं पार्किंग २०१८ ला पैशाचं केलं, हे मात्र २०२३ च्या जानेवारीत परत फुकट केलं, वरचा बॉस बदलल्यावर लगेच. म्हणजे ओरडून काहीच होत नाही असंही नाही. तिकिटाचं बोलायचं तर कॅलिफोर्नियात २०१६ ला तारखेप्रमाणे तीन दर आले, ९५, १०५ आणि ११९ डॉलर. २०२४ च्या ऑक्टोबरात सगळ्यात महाग दिवस २०६ वर गेला. सगळ्यात स्वस्त दिवस मात्र २०१९ पासून १०४ वरच ठेवलाय आणि कंपनी प्रत्येक वेळी तोच आकडा पुढे करते. आता मुलांची शाळा असलेल्या घरातून त्या १०४ वाल्या मंगळवारी कोण जाणार ते सांगा.

आपल्याकडे परत येऊ. रांग टाळायचं महाग तिकीट आता भारतातल्या मोठ्या पार्कांनाही सवयीचं झालंय, सिंगापूरच्या युनिव्हर्सलला जाऊन आलेल्यांना ते नवीन वाटतही नाही. पण आपल्याकडचा मुख्य राग अजून जेवणावरच आहे. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, पाण्याची बाटलीही गेटवर काढून घेतली, असल्या तक्रारी. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हॉटेल-रेस्टॉरंट छापील किमतीपेक्षा जास्त दराने बाटली विकू शकतात असं म्हटलं, आणि २०२३ च्या जानेवारीत थिएटरवाले बाहेरचं खाणं अडवू शकतात असा निकाल आला. दोन्ही निकाल पार्कवरचे नाहीत, पण गेटवर वाद झाला की कुणीतरी तेच सांगतं. थिएटरमध्ये तीन तासांचा प्रश्न असतो, पार्कमध्ये सकाळी दहा ते रात्री आठ लहान पोरं घेऊन राहायचं असतं, हा फरक कुणी मोजत नाही. त्यामुळे अमेरिकेत जे रांगेत झालं ते आपल्याकडे जेवणात आधीपासून होतं, फक्त आपण त्याला पार्कचा नियम म्हणून गप्प बसायचो.

मधल्या काळात पर्यायही कमी झाले. गोराईत २०१८ ला पक्ष्यांचं पार्क सुरू करून बघितलं, पण २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्डच्या राइड्स बंद झाल्या, वॉटर किंगडम तेवढं राहिलं. त्याच वर्षी खोपोलीचं कर्जात बुडालेलं पार्क नव्या मालकाकडे गेलं. नवा मालक आला म्हणून लगेच लुटायला लागला असं मी म्हणत नाही, उलट कर्जाचा बोजा हलका झाल्यावर देखभाल सुधारली असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण मोठ्या कोस्टरवर बसायचं तर मुंबईहून आता एकच दिशा उरलीय, आणि ज्याला पर्याय नाही त्याने दर का पाडावा. लोणावळ्याचा वॉटर पार्क स्वस्त पडतो का म्हणून चौकशी करणारे बरेच आहेत, पण तोही त्याच मालकाचा, शिर्डीचा पण, आणि २०२४ मध्ये ते दोन्ही खोपोलीच्या कंपनीतच आले.