शीर्ष मृतबिंदू (टायमिंग बेल्ट बदलताना)

शीर्ष मृतबिंदू : अंतर्ज्वलन एंजिनातील दट्ट्या सिलिंडरच्या माथ्याकडील टोकाला पोहोचतो आणि क्रँकचा (दट्ट्याची ये-जा फिरत्या गतीत बदलणाऱ्या दांड्याचा) बाहू व त्याला दट्ट्याशी जोडणारा कनेक्टिंग रॉड एका रेषेत येतात, ती स्थिती. गॅरेजमध्ये तिला ‘टीडीसी’ (टॉप डेड सेंटर) म्हणतात. टायमिंग बेल्ट, म्हणजे झडपा उघडणारा कॅम क्रँकशी जुळवून फिरवणारा दातेरी पट्टा, बदलताना बहुतेक एंजिनांत पहिल्या सिलिंडरची ही स्थिती आधारभूत धरतात.

मोटारीच्या एंजिनात दातेरी पट्टा प्रथम कोणी वापरला याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत बिल डेव्हिन यांनी पानहार्ड एंजिनावर उभारलेल्या शर्यतीच्या मोटारीला मान देतात. मात्र नियमित उत्पादनातील मोटार हा निकष लावल्यास जर्मनीतील ग्लास १००४ (१९६२) हिचाच दावा अधिक ग्राह्य वाटतो. १९६६ मध्ये पाँटिअ‍ॅक व फिअ‍ॅट यांच्या एंजिनांतही हा पट्टा आला.

चार आघातांच्या एका चक्रात क्रँक दोन फेरे घेतो व कॅम एक. त्यामुळे दट्ट्या दोनदा, संपीडनाच्या (हवा दाबण्याच्या) आणि निष्कासनाच्या (जळलेला वायू बाहेर टाकण्याच्या) अखेरीस, वर येतो. पट्टा उतरवल्यावर यांतील कोणती वेळ आहे हे क्रँकवरून कळत नाही; ते कॅमची खूण ठरवते. स्पार्क प्लगच्या भोकात दांडी घालून बिंदू शोधण्याची प्रचलित रीत ढोबळच होय, कारण टोकाजवळ दट्ट्या जवळजवळ थबकतो : ८० मिमी. धाव (दट्ट्याचा टोकापासून टोकापर्यंतचा प्रवास) आणि १४० मिमी. कनेक्टिंग रॉड असल्यास क्रँक ५ अंश फिरूनही तो सुमारे ०.२ मिमी. एवढाच सरकतो. म्हणून दोन्ही बाजूंना दट्ट्या समान उंचीवर असतानाचे कोन मोजून त्यांचा मध्य काढणे अधिक विश्वसनीय ठरते. पट्ट्यासाठी मात्र क्रँकच्या दातेरी चक्रावरील खूण पुरते. २० दातांच्या चक्रावर एक दात चुकल्यास क्रँकच्या मापाने १८ अंशांचा फरक पडतो आणि काही एंजिनांत दट्ट्या झडपांवर आदळू शकतो. क्रँकच्या बाहेरील पुलीचे कडे आतल्या रबरावरून घसरलेले असू शकते, म्हणून तिच्यावरील खुणेवर विसंबू नये. सुबारूच्या ईजे एंजिनांच्या मालिकेत तर खुणा जुळतात तेव्हा दट्टे मध्यावर असतात. पट्टा ताणल्यानंतर क्रँक हाताने नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहतात.

पुण्यात हे काम रूढ होण्यात १९९८ अखेरीस विक्रीस आलेल्या, त्या काळी येथेच तयार होत असलेल्या टाटा इंडिकाच्या १.४ लिटर डिझेल एंजिनाचा वाटा असावा. त्यात इंधनपंपही त्याच पट्ट्यावर चालतो. पंप कॅमप्रमाणेच अर्ध्या वेगाने फिरत असल्याने क्रँक व कॅम यांच्याबरोबर तिसरी खूणही जुळवावी लागते. बेल्ट व टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात मिळतात. पुण्याजवळ रांजणगावला पूर्वी तयार होत असलेल्या फिअ‍ॅटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल एंजिनात मात्र पट्ट्याऐवजी साखळी आहे.