बाळंतपणानंतरची साखर: आईची तपासणी मागे कशी पडली

गरोदरपणातल्या मधुमेहाचे सुरुवातीचे ठोस निकष बाळासाठी नव्हे, तर आईसाठी ठरवले गेले होते. बॉस्टनमध्ये जॉन ओ'सुलिव्हन आणि संख्याशास्त्रज्ञ क्लेअर महान यांनी ७५२ गरोदर स्त्रियांना १०० ग्रॅम ग्लुकोज देऊन तीन तासांत चार वेळा साखर मोजली. हे निकष १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरीच्या वर दोन प्रमाण विचलनांवर (आकडे सरासरीपासून किती पसरतात याचं हे माप) त्यांनी रेघ ओढली आणि दुसऱ्या एका गटात, ती ओलांडणाऱ्या किती जणींना पुढे मधुमेह होतो हे पाहिलं.

नंतर लक्ष बाळाकडे वळलं. ९ देशांतल्या सुमारे २५ हजार स्त्रियांवरच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हापो’ अभ्यासात आईच्या साखरेबरोबर बाळाचं वजन आणि इतर धोके सलग चढत जाताना दिसले. त्यावरून २०१० मध्ये नव्या मर्यादा आल्या: उपाशीपोटी ९२, ग्लुकोज घेतल्यावर एका तासाने १८० आणि दोन तासांनी १५३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्या स्वीकारल्या. बाळाच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण बाळ सुखरूप जन्मलं की विषय संपला, हा समज त्याने आणखी पक्का केला.

शरीरही या समजाला साथ देतं. वारेतली संप्रेरकं इन्शुलिनला दाद लागू देत नाहीत. वार पडली की हा अडथळा सरतो आणि बहुतेकींची साखर काही दिवसांतच खाली येते. इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाची मूळची कमजोरी मात्र तशीच राहते. २००९ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात अशा स्त्रियांना टाइप २ मधुमेहाचा धोका इतर मातांच्या सातपटीहून जास्त आढळला. २०२० च्या विश्लेषणात तो जवळपास दहापट निघाला. पहिल्या पाच वर्षांत ही चढण सर्वांत तीव्र असते.

बाळंतपणानंतरच्या तपासणीसाठी सहा आठवड्यांची मुदत रूढ झाली, ती मुख्यतः बाळंतिणीची भेट तेव्हाच ठरलेली असते म्हणून. आता ४ ते १२ आठवडे धरतात. चाचणी म्हणजे ७५ ग्रॅम ग्लुकोजची, दोन तासांची जीटीटी (ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट: ग्लुकोज पिण्याआधी आणि नंतर साखर मोजणं). ती सोपी करण्याचे दोन प्रयत्न झाले. १९९७ मध्ये अमेरिकन तज्ज्ञ समितीने मधुमेहाची उपाशीपोटीची मर्यादा १४० वरून १२६ वर आणली आणि एवढा एकच आकडा पुरेल असा आग्रह धरला. ब्रिटनमध्ये आजही ६ ते १३ आठवड्यांत उपाशीपोटी साखरच बघतात. सोय होते, पण जिची साखर फक्त ग्लुकोजनंतर १४० ते १९९ जाते (मधुमेहाच्या आधीची पायरी) ती यातून निसटते. २०१० पासून निदानासाठी एचबीए१सी आली, म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी. पण बाळंतपणातल्या रक्तस्रावामुळे तांबड्या पेशी नव्या असतात, म्हणून आकडा खोटा कमी येतो. उलट लोहाची कमतरता तो वाढवते. त्यामुळे १३ आठवड्यांआधी तिच्यावर विसंबू नये.

जीटीटी बिघडते ती बहुधा तपशिलात. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवण हवं, दिवसाला किमान १५० ग्रॅम कर्बोदकं. भात-पोळी तोडून आलेल्या बाईची साखर उगाच चढलेली दिसू शकते. किमान ८ तास उपाशी राहून पहिला नमुना, मग २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यातलं ग्लुकोज पाच मिनिटांत संपवायचं. वेळ पहिल्या घोटापासून मोजतात. पावडर मोनोहायड्रेट (पाण्याचा अंश असलेली) असेल तर ७५ ऐवजी ८२.५ ग्रॅम लागते, हे हमखास विसरलं जातं. उलटी झाली तर चाचणी रद्द. नमुना तसाच पडून राहिला तर पेशी तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर खातात. हे रोखण्यासाठी वापरतात ती फ्लोराइडची ट्यूबही ते लगेच थांबवत नाही, म्हणून नमुना बर्फात ठेवून रक्तद्रव लवकर वेगळा करावा. मधल्या वेळात बाळाला पाजायला हरकत नाही.

उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० आले, तर मधुमेह. लक्षणं नसतील तर खात्रीसाठी चाचणी पुन्हा करतात.

तरीही अनेक अभ्यासांत निम्म्याहून कमी स्त्रिया या चाचणीपर्यंत पोचल्या. तान्हं बाळ घेऊन उपाशीपोटी दोन तास बसणं सोपं नाही, हे एक कारण. आमच्या मते मोठं कारण कागदाचं आहे: प्रसूतितज्ज्ञांचं काम संपतं, बाळाची फाइल बालरोगतज्ज्ञांकडे जाते आणि आईच्या मधुमेहाची नोंद फॅमिली डॉक्टरांपर्यंत जात नाही. म्हणून अलीकडे घरी सोडण्यापूर्वी, दुसऱ्या दिवशीच जीटीटी करून पाहिली जाते.

निकाल चांगला आला तरी दर १ ते ३ वर्षांनी तपासणी करायची असते. पुढच्या गरोदरपणाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच करावी. बाळाचे अवयव पहिल्या आठवड्यांतच घडतात, तेव्हा साखर चढलेली असेल तर व्यंगाचा धोका वाढतो.